सेव्ह ॲज बंद करा: टेक्निकल डॉक्युमेंटसाठी गिट आणि पॅनडॉकची साधी घडी

भोसरी, चाकण, पिरंगुट, कुठल्याही छोट्या-मध्यम युनिटमध्ये जा आणि नवीन जॉबचा टेस्ट रिपोर्ट किंवा मशीनचं मॅन्युअल कसं बनतं ते विचारा. उत्तर ठरलेलं असतं, मागच्या जॉबची फाईल उघडायची, सेव्ह ॲज करायचं, नाव बदलायचं आणि आत जे जे आठवेल ते बदलत जायचं. जे आठवत नाही ते तसंच जातं. म्हणून मग चाकणच्या कस्टमरला गेलेल्या रिपोर्टच्या फूटरमध्ये रांजणगावच्या कस्टमरचं नाव निघतं, किंवा टेस्ट प्रेशर ६ बार असताना टेबलमध्ये मागच्या मशीनचं ४ बार राहून जातं आणि फॅटच्या (फॅक्टरी ॲक्सेप्टन्स टेस्ट, म्हणजे मशीन पाठवायच्या आधी कारखान्यात कस्टमरसमोर होणारी चाचणी) दिवशी कस्टमरचा माणूस पेन काढून बरोब्बर तिथेच गोल करतो.

यावर उपाय म्हणजे टेम्प्लेट एका जागी ठेवायचं, मजकूर साध्या टेक्स्टमध्ये लिहायचा, दोन्हीवर गिटची (फाईलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) नजर ठेवायची आणि वर्ड किंवा पीडीएफ हे शेवटी पॅनडॉकच्या एका कमांडने काढायचं. डिझाईन, क्वालिटी, सर्व्हिसमधल्या ज्यांनी आयुष्यात प्रोग्रामिंग केलं नाही त्यांनाही हे जमतं, फक्त काळ्या विंडोत चार शब्द टाईप करायची तयारी हवी. कमांड मी फोनवर सांगतात तशा लिहिल्यात, टाईप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं, आणि डॅश म्हणजे मायनसचं चिन्ह.

इन्स्टॉल काय करायचं

तीन गोष्टी आणि तिन्ही फुकट: गिट, पॅनडॉक आणि एक टेक्स्ट एडिटर. गिट लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कोडसाठी बनवलं, पण समोर कोड आहे का मराठी परिच्छेद याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, टेक्स्ट आहे ना, बास. पॅनडॉक २००६ पासूनचं, जॉन मॅकफार्लेन नावाच्या बर्कलीच्या फिलॉसॉफीच्या प्रोफेसरांचं काम (हे मला अजून मजेशीर वाटतं), ते डझनावारी फॉरमॅट इकडचे तिकडे करतं पण आपल्याला त्यातलं मार्कडाउनमधून (साध्या टेक्स्टमध्ये खुणा टाकून हेडिंग, बुलेट दाखवायची पद्धत) वर्ड एवढंच हवंय. एडिटर व्हीएस कोड घ्या, नोटपॅड प्लस प्लस पण चालेल, मात्र व्हीएस कोडमध्ये देवनागरी नीट दिसतं आणि इन्स्टॉल केलेलं गिट आतूनच चालवता येतं, म्हणून माझं मत त्याला.

गिटच्या इन्स्टॉलरमध्ये नेक्स्ट नेक्स्ट करत सुटू नका. एका स्क्रीनवर डिफॉल्ट एडिटर विचारतात, तिथे आधीपासून व्हिम निवडलेलं असतं, ते बदलून व्हीएस कोड करा, नाहीतर पहिल्याच कमिटला (कमिट म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवणं) एक अशी स्क्रीन येईल की बाहेर कसं पडायचं तेच कळत नाही. अडकलातच तर एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. बाकी स्क्रीन डिफॉल्ट ठेवल्या तरी हरकत नाही.

मग एकदाच तीन सेटिंग करायची. गिट कॉन्फिग डॅश डॅश ग्लोबल युजर डॉट नेम आणि पुढे अवतरणचिन्हांत तुमचं नाव, तसंच युजर डॉट ईमेल आणि पुढे ऑफिसचा मेल आयडी. तिसरं खास आपल्यासाठी, गिट कॉन्फिग डॅश डॅश ग्लोबल कोअर डॉट कोटपाथ फॉल्स. हे केलं नाही तर मराठी नावाची फाईल गिटमध्ये बॅकस्लॅश ३४० बॅकस्लॅश २४४ अशी आकड्यांची रांग होऊन दिसते आणि नवीन माणसाला वाटतं फाईल करप्ट झाली. फाईल ठणठणीत असते, फक्त दाखवण्याची पद्धत तशी असते. तरीपण फाईलची आणि फोल्डरची नावं इंग्रजीत, स्पेस न देता ठेवलीत तर पुढची बरीच कटकट वाचते, मराठी आत लिहा हवं तेवढं.

फोल्डर कुठे आणि कसं

डी ड्राइव्हवर एक साधं फोल्डर करा. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये नको, हे मी दोनदा सांगेन. गिट सगळा इतिहास डॉट गिट नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असंख्य बारक्या फाईलींत ठेवतं, सिंकवालं सॉफ्टवेअर त्यात मध्येच हात घालतं, दोन लॅपटॉपवरून एकदम काम झालं की कॉन्फ्लिक्टच्या कॉप्या तयार होतात आणि मग ती रिपॉझिटरी (गिट सांभाळत असलेलं फोल्डर, इतिहासासकट) सरळ करत बसायला कोणाला वेळ नसतो.

आत तीन सबफोल्डर पुरे, टेम्प्लेट, जॉब्स आणि आउटपुट. टर्मिनल (तीच काळी विंडो) उघडून मुख्य फोल्डरमध्ये जा, गिट इनिट म्हणा, झाली रिपॉझिटरी तयार. आता डॉट गिटइग्नोर नावाची एक टेक्स्ट फाईल करा (नावाची सुरुवातच टिंबाने, आणि शेवटी चुकून डॉट टीएक्सटी लागलं नाही ना ते बघा, विंडोज एक्स्टेन्शन लपवतं त्यामुळे हे पटकन लक्षात येत नाही) आणि त्यात दोन ओळी लिहा, एक आउटपुट फोल्डरचं नाव आणि पुढे स्लॅश, दुसरी टिल्ड डॉलर स्टार (~$*). दुसरी ओळ कशाला, तर वर्ड उघडं असताना टिल्ड डॉलरने सुरू होणारी जी भुताटकी फाईल तयार होते ती गिटमध्ये जाऊ नये म्हणून. आउटपुट वगळायचं कारण उघड आहे, ते कधीही पुन्हा काढता येतं. सही-शिक्क्याची पीडीएफ जिथे आत्ता ठेवता तिथेच ठेवत जा.

टेम्प्लेटचा सांगाडा

टेम्प्लेट म्हणजे इथे दोन वेगळ्या फाईली आहेत, आणि नवीन माणसाची गल्लत इथेच होते. एक मजकुराचा सांगाडा, ज्यात हेडिंग, ठरलेले परिच्छेद, रिकामी टेबलं. दुसरी दिसण्याची फाईल, ज्यात फॉन्ट, मार्जिन, लोगो, फूटर. मजकूरवाल्या माणसाने दिसण्याला हात लावायचा नाही आणि उलट.

सांगाडा मार्कडाउनमध्ये, म्हणजे डॉट एमडी फाईल. मार्कडाउन शिकायला अर्धा तास पुरतो, हॅशचं चिन्ह दिलं की हेडिंग, दोन हॅश म्हणजे सबहेडिंग, ओळीच्या सुरुवातीला डॅश म्हणजे बुलेट. फाईलच्या अगदी वर तीन डॅशची एक ओळ, मग माहितीच्या ओळी, मग परत तीन डॅश. आतला भाग साधारण असा (डावीकडचे शब्द प्रत्यक्षात इंग्रजीत):

टायटल: "फॅट रिपोर्ट: ???"
कस्टमर: "???"
जॉब: "???"
रेव्ह: "००"

अवतरणचिन्हं विसरू नका. टायटलच्या आत कोलन आला आणि अवतरणचिन्हं नसली की पॅनडॉक एरर देऊन थांबतं. रेव्ह (रिव्हिजन) ०० ला अवतरणचिन्हं नसली तर तो आकडा समजला जातो आणि पुढचं शून्य उडू शकतं. आणि या भागात टॅब अजिबात वापरायचा नाही, स्पेसच.

तीन प्रश्नचिन्हं ही माझी सवय, जिथे जिथे जॉबप्रमाणे माहिती भरायची तिथे ती टाकून ठेवायची. डॉक्युमेंट बाहेर पाठवायच्या आधी व्हीएस कोडमध्ये कंट्रोल शिफ्ट एफ दाबून त्या जॉबच्या फोल्डरमध्ये ??? शोधायचं, एक जरी सापडलं तरी डॉक्युमेंट अर्धवट आहे. मागच्या जॉबचा आकडा बरोबर दिसतो म्हणून डोळ्यांखालून निसटतो, तीन प्रश्नचिन्हं कोणाच्याही डोळ्यात खुपतात. त्यामुळे सांगाड्यात "नमुन्यादाखल" म्हणून खरे आकडे कधीच ठेवू नका, प्रेशर, टॉर्क, सायकल टाईम, सगळीकडे प्रश्नचिन्हं.

लिहिताना एक वाक्य एका ओळीत लिहा, वाक्य संपलं की एंटर. वर्डमध्ये परिच्छेद एकसंधच येतो कारण मार्कडाउनमध्ये रिकामी ओळ सोडल्याशिवाय नवीन परिच्छेद होत नाही. फायदा गिटमध्ये दिसतो, गिट बदल ओळीप्रमाणे दाखवतं, आख्खा परिच्छेद एका ओळीत असेल तर एक शब्द बदलला तरी सगळा परिच्छेद लाल-हिरवा होतो. तसं झालंच तर गिट डिफ डॅश डॅश वर्ड डॅश डिफ आहे, ते स्पेस बघून शब्द वेगळे करतं त्यामुळे मराठीलाही चालतं.

टेबलांचं एक दुखणं सांगून ठेवतो. उभ्या रेघांनी बनवलेल्या टेबलात सगळ्या ओळी आखूड असतील तर वर्डमध्ये कॉलम मजकुराएवढे होतात, पण एखादी ओळ ७२ अक्षरांच्या पुढे गेली की टेबल पानभर पसरतं आणि कॉलमची रुंदी हेडिंगखालच्या डॅशच्या प्रमाणात ठरते. इन्स्पेक्शनच्या टेबलात अनुक्रमांकाचा कॉलम हातभर आणि निरीक्षणाचा कॉलम बोटभर येत असेल तर कारण हेच, डॅश कमीजास्त करा.

दिसण्याची फाईल

ही वर्डचीच फाईल, पण शून्यातून बनवू नका, पॅनडॉककडूनच मागून घ्या: पॅनडॉक डॅश ओ, मग तुमच्या फाईलचं नाव डॉट डॉक एक्स, मग डॅश डॅश प्रिंट डॅश डीफॉल्ट डॅश डेटा डॅश फाईल, मग रेफरन्स डॉट डॉक एक्स. जी फाईल मिळेल ती वर्डमध्ये उघडा. आतला मजकूर पॅनडॉक वापरत नाही, फक्त स्टाईल, पानाचा साईज, मार्जिन, हेडर आणि फूटर उचलतं. त्यामुळे मजकूर सिलेक्ट करून फॉन्ट बदलण्यात अर्थ नाही, स्टाईलवर राईट क्लिक, मॉडिफाय, असंच करायचं. हेडिंग १, हेडिंग २, बॉडी टेक्स्ट, फर्स्ट पॅराग्राफ, टेबल, एवढ्या स्टाईल आधी नीट करा. स्टाईलची नावं बदलू नका, पॅनडॉक नावानेच ओळखतं. पान ए४ आहे ना ते आठवणीने बघा.

आता मराठीवाल्यांचा खरा घोळ. वर्डच्या लेखी देवनागरी ही कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट आहे आणि तिचा फॉन्ट, साईज, बोल्ड हे सगळं इंग्रजीपेक्षा वेगळं साठवलं जातं. तुम्ही स्टाईलमध्ये फॉन्ट बदलता, इंग्रजी बदलतं, मराठी ढिम्म. स्टाईलच्या मॉडिफाय खिडकीत खाली फॉरमॅट, मग फॉन्ट, तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा भाग आहे, फॉन्ट तिथे निवडायचा आणि साईजही तिथेच. तो भाग दिसत नसेल तर ऑफिसच्या लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी ॲड करा. फॉन्ट मुक्ता, नोटो सान्स देवनागरी किंवा विंडोजमधलाच निर्मला, काहीही चालेल, युनिकोड असला म्हणजे झालं. श्री-लिपीच्या जुन्या पद्धतीने टाईप केलेला मजकूर सरळ चिकटवू नका, मार्कडाउनमध्ये ती अगम्य चिन्हंच दिसणार, आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या.

फूटरमधलं कस्टमरचं नाव कायमचं सोडवायचं तर ते तिथे हाताने लिहायचंच नाही. वरच्या माहितीतले कस्टमर, जॉब, रेव्ह हे पॅनडॉक वर्डच्या फाईलमध्ये कस्टम प्रॉपर्टी म्हणून टाकतं. दिसण्याच्या फाईलमध्ये फाईल, इन्फो, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, कस्टम इथे जाऊन त्याच स्पेलिंगने त्या प्रॉपर्टी एकदा बनवा, मग फूटरमध्ये इन्सर्ट, क्विक पार्ट्स, फील्ड, डॉक प्रॉपर्टी निवडून त्या बसवा. तयार डॉक्युमेंट उघडल्यावर प्रिंट प्रिव्ह्यूवर एकदा जाऊन आलं की फूटरमध्ये नवीन नाव येतं. नाही आलं तर फूटरमध्ये जाऊन फील्डवर एफ ९. हे एकदा बसवायला अर्धी दुपार जाते, पण माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त परतावा याच अर्ध्या दुपारचा आहे.

पहिली कमिट आणि रोजचं काम

दोन्ही फाईली टेम्प्लेट फोल्डरमध्ये आल्या की गिट ॲड डॉट, मग गिट कमिट डॅश एम आणि अवतरणचिन्हांत संदेश. संदेशात "अपडेट" किंवा "चेंजेस" लिहू नका, सहा महिन्यांनी त्यातून काही कळत नाही, "लीक टेस्टच्या टेबलात होल्ड टाईमचा कॉलम वाढवला" असं लिहा.

नवीन जॉब आला की जॉब्समध्ये जॉब नंबरचं फोल्डर करा आणि सांगाडा तिथे कॉपी करा. इथे कोणीतरी म्हणेलच, अहो मग सेव्ह ॲज आणि हे वेगळं काय. वेगळं एवढंच की कॉपी कायम टेम्प्लेटमधून, दुसऱ्या जॉबमधून कधीच नाही. मागच्या जॉबमधला सेफ्टीचा परिच्छेद छान झाला होता, हवाय? आधी तो टेम्प्लेटमध्ये न्या, तिथले आकडे काढून प्रश्नचिन्हं टाका, कमिट करा, मग टेम्प्लेटमधून घ्या. हा नियम मोडला की बाकी सगळं असून नसल्यासारखं, डेडलाईनच्या दिवशी तर हमखास मोडावासा वाटतो.

डॉक्युमेंट काढायची कमांड: पॅनडॉक, मग तुमची डॉट एमडी फाईल, मग डॅश डॅश रेफरन्स डॅश डॉक इक्वल टू दिसण्याच्या फाईलचा पाथ, मग डॅश ओ आणि आउटपुटचं नाव. कमांड जॉबच्याच फोल्डरमधून चालवा, कारण फोटोचा पाथ पॅनडॉक तुम्ही जिथून कमांड चालवली तिथून शोधतं आणि सापडला नाही तर एक वॉर्निंग देऊन फोटोविनाच डॉक्युमेंट बनवून मोकळं होतं. ही लांबलचक कमांड रोज टाईप करायची नाही, एका बॅच फाईलमध्ये (डबल क्लिक केलं की आतल्या कमांड चालवणारी डॉट बॅट फाईल) टाकून ठेवा. फोटो मोबाईलवरून थेट टाकू नका, आधी छोटे करा, गिटमध्ये एकदा कमिट झालेला फोटो नंतर डिलीट केला तरी इतिहासात बसून राहतो आणि रिपॉझिटरी फुगत जाते.

थेट पीडीएफ पण निघते पण त्यासाठी लाटेक (टाईपसेटिंगचं वेगळं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल करावं लागतं, आणि मराठी असेल तर पीडीएफ इंजिन झीलाटेक द्यावं लागतं, डिफॉल्टवाल्याला देवनागरी झेपत नाही. सुरुवातीला याच्या नादी लागू नका, वर्डमधूनच पीडीएफ करा.

कस्टमरला पाठवताना त्या आवृत्तीवर नावाची खूण मारून ठेवायची: गिट टॅग डॅश ए, मग जॉब नंबर आणि रेव्ह मिळून केलेलं नाव, डॅश एम आणि कोणाला काय पाठवलं ते. फूटरमधली रेव्ह आणि टॅगमधली रेव्ह एकच हवी. पुढे कधीही "रेव्ह ०१ आणि ०२ मध्ये काय बदललं" विचारलं की गिट डिफ, पहिला टॅग, दुसरा टॅग, आणि उत्तर स्क्रीनवर. आयएसओ ९००१:२०१५ च्या ७.५.३.२ मध्ये बदलांवर नियंत्रण हवं असं म्हणताना उदाहरण म्हणून व्हर्जन कंट्रोलच दिलंय, तेव्हा ऑडिटरसमोर हा लॉग उघडायला लाजू नका. फक्त लॉग म्हणजे ॲप्रूव्हल नाही, सह्यांची जी काही पद्धत तुमच्या प्रोसिजरमध्ये लिहिली आहे ती पाळावीच लागते.

एक सोय लगेच जाणवते. गुरुवारी मेंटेनन्सला लाईट गेली, वायफाय गेलं, तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर कमिट, टॅग, डिफ सगळं चालतं, कारण इतिहास तुमच्याच मशीनवर असतो. नेट फक्त दुसऱ्याला द्यायला-घ्यायला लागतं.

दोघं-तिघं मिळून काम करायचं असेल तर

गिटहबवर (गिटच्या रिपॉझिटरी ऑनलाइन ठेवायची साईट) प्रायव्हेट रिपॉझिटरी फुकट मिळते, पण कस्टमरच्या ड्रॉईंगवर एनडीए (गुप्ततेचा करार) असेल तर ते क्लाउडवर टाकायच्या आधी साहेबांना विचारा. ऑफिसच्या सर्व्हरवरचं शेअर्ड फोल्डरसुद्धा चालतं, तिथे गिट इनिट डॅश डॅश बेअर करायचं, प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर गिट क्लोन करून घ्यायचं, सकाळी पुल (इतरांचे बदल घेणं), संध्याकाळी पुश (आपले बदल देणं). डुबियस ओनरशिप असा एरर आला तर घाबरू नका, त्याच मेसेजमध्ये खाली कुठली कमांड द्यायची ते लिहिलेलं असतं. ब्रँच वगैरे सध्या राहू द्या, प्रत्येक जॉब एकाच माणसाकडे असेल तर त्याची गरज पडत नाही. दिसण्याच्या वर्ड फाईलला मात्र एकच मालक ठरवा, ती गिटच्या दृष्टीने बंद डबा आहे, दोघांनी एकदम बदलली तर गिट जोडून देऊ शकत नाही.

आणि साहेबांना गिट शिकवायला जाऊ नका. त्यांना वर्ड फाईल पाठवा, ते ट्रॅक चेंजेस लावून करेक्शन करतील, कोणी प्रिंट काढून लाल पेनने करतील, तुम्ही ती डॉट एमडीमध्ये हाताने उतरवा. थोडं दुप्पट काम आहे, कबूल, पण प्रत्येक करेक्शन उतरवताना हे या जॉबपुरतं का टेम्प्लेटमध्येच हवं हा प्रश्न आपोआप पडतो.

जुन्या फाईलींचं काय

सगळ्या जुन्या रिपोर्टांचं मार्कडाउन करायचा उत्साह आवरा. प्रत्येक प्रकारातला एकच, त्यातल्या त्यात बरा रिपोर्ट घ्या, पॅनडॉकला डॉक एक्स देऊन डॉट एमडी मागा, सोबत डॅश डॅश एक्स्ट्रॅक्ट डॅश मीडिया इक्वल टू एखाद्या फोल्डरचं नाव दिलं की आतले फोटोही वेगळे निघतात. जे येईल ते साफ करा, टेबलं बहुतेक मोडलेली असतील, आकडे काढून प्रश्नचिन्हं टाका, झाला सांगाडा. आधी फॅट रिपोर्टचा करा, तो सगळ्यात जास्त वेळा लागतो, मॅन्युअलचा नंतर. बाकीच्या जुन्या फाईली आहेत तिथेच, फोल्डरची सिक्युरिटी परमिशन फक्त वाचण्यापुरती करून ठेवा (नुसती रीड ओन्लीची खूण पुरत नाही), म्हणजे वाचता येतील पण त्यांच्यावर सेव्ह ॲज मारायचा मोह झालाच तर निदान त्याच फोल्डरमध्ये सेव्ह होणार नाही.